माने काकांची बिनचवीची बिस्किटं

माने काकांकडे मी पहिल्यांदा चहाला गेले तेव्हा त्यांनी माझ्यापुढे बशीत एक चौकोनी बिस्किट ठेवलं आणि म्हणाले, "चहात बुडव आणि साठपर्यंत मोज." मला वाटलं, म्हातारा गमत्या दिसतोय. मी तीसलाच तोंडात घातलं. डावीकडची दाढ त्या दिवसापासून जी कुरकुरायला लागली, ती शेवटी काढावीच लागली. काका शांतपणे आपलं बिस्किट बुडवून मोजत होते. साठ झाल्यावर त्यांनी ते खाल्लं आणि म्हणाले, "घाई करणाऱ्याला फौजेत दात राहत नाहीत पोरी."

आम्ही दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात नुकतेच राहायला आलो होतो. नवऱ्याची बदली, सरकारी क्वार्टर, सामानाचे अर्धे खोके अजून बांधलेलेच. खाली तळमजल्यावर मराठी बोलणं ऐकू आलं म्हणून मी हरखून गेले होते. माने काका सातारा जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातले. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी फौजेच्या रसदीत, म्हणजे वर बर्फात बसलेल्या जवानांना खायला पोचवण्यात गेलेली. आता मुलगा केंद्राच्या एका मंत्रालयात, सून शाळेत शिक्षिका, आणि काका-काकी नातीला सांभाळायला दिल्लीत. गावाकडे शेत होतं, पण काकांचा जीव शेतापेक्षा बिस्किटांत जास्त.

हे बिस्किट म्हणजे पीठ, पाणी आणि चिमूटभर मीठ. बाकी काही नाही. घट्ट मळायचं, जाड लाटायचं, चौकोन कापायचे, प्रत्येकाला विणकामाच्या सुईने सोळा भोकं पाडायची. भोकं नसली तर ते फुगतं, फुगलं की ओल धरतं, असा त्यामागचा शास्त्रार्थ. मग मार्केटमागच्या भट्टीवर नेऊन दोनदा भाजून आणायचं. आमच्याकडे दिल्लीत लोक घरचा आटा, तूप, साखर घेऊन भट्टीवर जातात आणि खुसखुशीत बिस्किटं करून आणतात. त्या रांगेत काका एकटेच तुपाशिवाय उभे असत. भट्टीवाले चाचा दर वेळी हात जोडायचे. काका दर वेळी म्हणायचे, "भाईसाब, घी दुश्मन है."

तूप का शत्रू, ते मला त्यांनी अनेकदा समजावलं. तूप खवट होतं, म्हणून शत्रू. आणि चव त्याहून मोठा शत्रू. "चव असली की माणूस भूक नसताना खातो. संकट यायच्या आधीच डबा रिकामा. माझं बिस्किट कुणी चोरून खाल्लंय, असं आजवर झालं नाही." यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

संकट म्हणजे भूकंप. दिल्लीत अधूनमधून धक्के बसतात, पंखे हलतात आणि सगळे जिने उतरून खाली पार्कात उभे राहतात. एका रविवारी सकाळी असाच धक्का बसला. अर्धी कॉलनी नाइटीत आणि बनियनवर खाली. माने काका मात्र बूट घालून, बेल्ट लावून, काखेत पत्र्याचा डबा घेऊन. लोक फोनवर बातम्या बघत होते आणि काका डबा उघडून प्रत्येकापुढे धरत होते. कुणी घेईना. शेवटी समोरच्या शर्माजींनी भिडेखातर एक घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "अंकल जी, ये बिस्किट है कि टाइल?"

तेच बिस्किट शर्माजींनी पुढे कूलरच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातलं. अख्खा उन्हाळा ते तिथे होतं. काकांना हे कळल्यावर ते संतापतील असं मला वाटलं होतं. उलट त्यांनी शर्माजींच्या घरी जाऊन ते बिस्किट काढून घेतलं, फडक्याने पुसलं आणि मला दाखवायला वर आणलं. "बघ. चार महिने पाण्याशेजारी राहिलं. कोपरा तरी झिजलाय का?"

ब्लॉकमध्ये बारा घरं, म्हणून बारा डबे. झाकणाला मेणबत्तीचं मेण लावून बंद केलेले, काकांच्या मागच्या गॅलरीत रांगेत. होळीनंतर एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा सगळे डबे उघडायचे, जुनी बिस्किटं संपवायची, नवी भरायची. जुनी संपवायची म्हणजे आम्ही. काकी तर सरळ सांगायची, "मी लग्न माणसाशी केलं, कोठाराशी नाही." पण तीही चहाबरोबर मुकाट्याने मोजायची. काका गेले त्याला आता दीड वर्ष होईल. सकाळचा चहा पिता पिता गेले. हातात बिस्किट होतं. साठ पूर्ण झाले होते की नाही, कोण जाणे.

पण मला सांगायचंय ते त्याच्या दोन वर्षं आधीचं, आणि त्यात माझी बाजू काही धड नाही.

त्या वर्षी होळीच्या सुमारास काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तरी त्यांनी खुर्चीत बसून, परात मांडीवर घेऊन, पीठ स्वतः मळलं. आमच्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तो नव्हता हे किती योग्य होतं ते पुढे येतंच आहे. भट्टीवर नेऊन लाटून, भोकं पाडून भाजून आणायचं काम तेवढं माझ्याकडे आलं. मी तो गोळा घेऊन गेले. चाचांनी तो बोटाने दाबून पाहिला आणि कळवळून म्हणाले, "मॅडम, आज तो अंकल भी नहीं हैं. थोड़ा सा घी डाल दूँ?"

आता मी पुण्याची. आईच्या हाताखाली पहिलं काही शिकले असेन तर ते पिठात कडकडीत मोहन घालणं. मोहन न घालता पीठ मळणं म्हणजे माझ्या लेखी अंघोळ न करता देवघरात जाणं. इतकी वर्षं ते कोरडं पीठ बघून माझे हात शिवशिवत होतेच. मी चाचांना हो म्हटलं. नुसतं हो नाही, पाव किलो तूप घ्यायला समोरच्या दुकानात धावले. चाचांनी ते गरम करून गोळ्यात घातलं आणि सगळं पुन्हा मळलं. वर मी ओवाही टाकला.

बिस्किटं अशी झाली की घरी पोचेपर्यंत मी सहा खाल्ली. नवऱ्याने आणि लेकीने उभ्या उभ्या दोन मुठी संपवल्या. मग मात्र मला काका आठवले. काका खाली पायाला पट्टी बांधून बसलेले, त्यांना खाली वाकता येत नव्हतं, म्हणून डबे आमच्याकडेच भरायचे ठरलं होतं, आणि जिना चढून ते बघायला येणार नव्हते. मी भराभर बारा डबे भरले, मेण लावलं आणि खाली पाठवून दिले. दसऱ्याला बघू, असं म्हटलं. आणि खरं सांगायचं तर विसरूनही गेले.

दिल्लीचा मे-जून आपलं काम करून गेला. दसऱ्यानंतर काकांनी पहिला डबा उघडला तेव्हा मी तिथेच होते. झाकण निघालं आणि खवट वासाचा असा भपकारा आला की काकीने पदर नाकाला लावला. दुसरा डबा तसाच. तिसराही. काकांनी एक बिस्किट हातात घेऊन हुंगलं आणि बोटं एकमेकांवर घासून बघितली. मग अगदी हळू म्हणाले, "तूप आहे यात. मीच मळलं होतं ना पीठ?"

काकी म्हणाली, तुम्हीच. मी गप्प.

मला तेव्हा वाटलं, दोन दिवस चिडतील आणि पुन्हा मळायला घेतील. पण गोष्ट तिथे थांबली नाही. काकांचे थोरले भाऊ गावाकडे एकेक गोष्ट विसरत विसरत वारले होते. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग रस्ता, शेवटी स्वतःचं घर. काकांना भूकंपापेक्षा त्याची भीती जास्त होती, हे मला काकीकडून तेव्हा कळलं. त्यांनी गॅसवर चिठ्ठी लावली, दारामागे चिठ्ठी लावली. रोज सकाळी ते काकीसमोर बसून सातारा ते गाव एसटीचे सगळे थांबे ओळीने म्हणून दाखवायचे. एकही चुकत नसे, तरी समाधान होत नसे. रिकामे डबे त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकले. मुलाला म्हणाले, मेंदूच्या डॉक्टरची वेळ घे.

आणि मी तीन आठवडे गप्प बसले. ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका फायलीवर लाल शाईने लिहिणारी मी, मला चार शब्द बोलता येईनात. रोज ठरवायची, जिन्यापर्यंत जायची आणि भाजी आणायला वळायची. लाज वाटत होती. शिवाय काका मला पोरी म्हणायचे, ते बंद होईल याची भीती होती. ती जास्त होती.

एका शनिवारी दुपारी मला सुट्टी होती म्हणून खाली गेले, तर काकी बाहेर जायची साडी नेसून उभी. नातीला शाळेच्या बसवरून आणायला निघाली होती. हे काम काकांचं. तिचे गुडघे काकांपेक्षा वाईट. मी विचारलं, तुम्ही कशाला? खुर्चीतून काकाच म्हणाले, "आजपासून मी जाणार नाही. पोरगी हात धरून चालली असेल आणि मला घराचा रस्ता आठवला नाही तर काय करायचं?"

मी तिथेच जमिनीवर बसले आणि म्हटलं, "काका, तूप मी घातलं होतं."

त्यांनी चौकशी सुरू केली. कुठे घातलं? भट्टीवर. किती? पाव किलो. कुणाच्या हुकमाने? कुणाच्याच नाही. अजून काय? ओवा. ओवा ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटले. मग काकीला म्हणाले, "आगं, इकडं ये. हिला परत सांगायला लाव." मी परत सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी मला रडू फुटलं होतं, आणि त्यांचेही डोळे वाहत होते, पण ते हसत होते. काकी मात्र मला जे काही म्हणाली ते खटावच्या बाहेर लिहिण्यासारखं नाही.

काका खुर्चीचे हात धरून उठले. त्यांनी बूट चढवले, काठी घेतली. काकीला म्हणाले, तू बस घरी. दाराशी गेल्यावर ते माझ्याकडे वळले.

"ताजी होती तेव्हा कशी लागत होती?"

खोटं बोलायची आता ताकद नव्हती. मी म्हटलं, "फार सुरेख लागत होती काका."

"मग मला एक द्यायचं होतंस पोरी," ते म्हणाले आणि बाहेर पडले. मी खिडकीतून पाहिलं. काठी टेकत, कुणालाही काही न विचारता ते फाटकातून बरोबर डावीकडे वळले आणि थांब्यावर जाऊन ताठ उभे राहिले. बस यायला अजून चाळीस मिनिटं होती.