चार बाटल्या पाणी

शिवदास रंगारींनी सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात बर्फ पाहिला होता तो फ्रीजमधला आणि हॉकर सेंटरवर उसाच्या रसात घालतात तो. जन्म नागपूरचा, नोकरी बावीस वर्षं सिंगापूरची. म्हणजे एका भट्टीतून निघून जरा ओलसर भट्टीत येऊन बसलेला माणूस. तरीही सिंगापूरच्या बिशान भागातल्या त्यांच्या ब्लॉकमध्ये कडाक्याच्या थंडीत गाडी कशी सांभाळावी यावर तासभर बोलू शकेल असा एकच इसम होता, आणि तो म्हणजे हे गृहस्थ. कारण त्यांची एकुलती एक लेक जान्हवी कॅनडात विनिपेगला फिजिओथेरपिस्ट होती आणि रोज गाडी चालवत होती.

नोव्हेंबर लागला की त्यांचा दिवस विनिपेगच्या तापमानाने सुरू व्हायचा. दात घासायच्या आधी फोन उघडायचा, उणे किती ते बघायचं, आणि मग उरलेला दिवस त्या आकड्याच्या हिशेबाने बरा किंवा वाईट जायचा. सात वाजता लेकीला फोन. तिकडे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची.

"काल रात्री वायर लावली होतीस ना?" हा पहिला प्रश्न. तिकडच्या गाड्यांच्या तोंडातून एक वायर लोंबत असते. ती रात्री प्लगमध्ये लावून ठेवली तर सकाळी इंजिन सुरू होतं. हे शिवदासांनी वाचलं होतं, व्हिडिओ पाहिले होते, हर्षाला, म्हणजे बायकोला, दोनदा दाखवलेही होते. मग पुढचे प्रश्न. पेट्रोल अर्ध्याच्या खाली तर गेलं नाही? थंडीने टायरची हवा कमी होते, बघितलीस? डिकीत फावडं आहे? ब्लँकेट, मेणबत्ती, काडेपेटी? आणि सगळ्यात शेवटी, "कूलंट?"

"परफेक्ट, बाबा. ऑल ओके लाह," जान्हवी म्हणायची. बोलणं ऐकून पोरगी सिंगापूरच्या शाळेत वाढली हे कुणीही ओळखलं असतं.

"मुलीशी बोलता की तिच्या गाडीशी?" हर्षा स्वयंपाकघरातून विचारायची. शिवदास हसण्यावारी न्यायचे. खरी गोष्ट अशी होती की इतक्या दुरून मुलीसाठी त्यांना काहीच करता येत नव्हतं. गाडीसाठी निदान विचारता तरी येत होतं. आणि भीती होती. ही भीती त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवली नाही, पण प्रत्येक प्रश्नाच्या बुडाशी तीच बसलेली असायची.

नोकरी लिफ्टच्या देखभालीची, जुरोंग ईस्टला. हाताखालच्या कुणी 'तपासलं' असं लिहून दिलं की हे टॉर्च घेऊन स्वतः वर चढणार आणि पुन्हा बघणार. माणसं पाठीमागे त्यांना 'अंकल वन्स मोर' म्हणत. शिवदासांना हे माहीत होतं, आणि खोटं कशाला बोला, त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता. फक्त एकाच माणसाच्या कामाची त्यांनी कधी फेरतपासणी केली नाही, आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः.

ऑक्टोबरात ते तीन आठवडे लेकीकडे जाऊन आले होते. तिची ही सेकंडहँड गाडी तेव्हाच, त्यांच्या देखरेखीखाली घेतली गेली. निघायच्या आदल्या दिवशी, छान ऊन पडलेलं असताना, त्यांनी बॉनेट उघडलं तर इंजिन तापू न देणाऱ्या कूलंटची टाकी जवळजवळ कोरडी. जान्हवी म्हणाली, "राहू द्या बाबा, इथे गॅरेजवाले करतात ते." शिवदासांना ते लागलं. घरात इंजिनियर असताना गॅरेजवाले? त्यांनी स्वयंपाकघरातून पाण्याच्या लिटर लिटरच्या चार बाटल्या भरून आणल्या आणि रेषेपर्यंत पाणी ओतलं. नागपुरात स्कूटर सोडून पहिली गाडी घेतली तेव्हापासून ते हेच करत आले होते. जान्हवीने हसत फोटो काढला. स्वेटर घातलेले बाबा, हातात बाटली.

जानेवारीतल्या त्या शनिवारी विनिपेग उणे चौतीस होतं, त्या हिवाळ्यातला सगळ्यात खालचा आकडा. सात वाजताचा फोन नेहमीसारखा झाला. आठला जान्हवीचा मेसेज आला, "निघाले ब्रँडनला. साडेआठपर्यंत पोचते." दर पंधरा दिवसांनी तिला क्लिनिकच्या तिथल्या शाखेत शनिवारी काम असायचं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच ती निघायची. सव्वादोन तासांचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना रिकामी शेतं. तिचे रात्रीचे साडेआठ म्हणजे इकडचे सकाळचे साडेदहा. हर्षा नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात लॅबच्या ड्यूटीवर गेली होती. शिवदास आपली गाडी घेऊन सिन मिंग भागातल्या वर्कशॉपमध्ये गेले.

तिथला मेकॅनिक आह सेंग त्यांचा बारा वर्षांचा ओळखीचा. साठी उलटलेला, बोलायला कमी, हाताला चोख. तो टाकीत हिरवं कूलंट ओतत होता. शिवदासांना गप्प बसवेना. त्यांनी फोनमधला तो फोटो काढून दाखवला. "माय डॉटर्स कार. कॅनडा. आय फिल्ड मायसेल्फ."

आह सेंगने फोटो बोटांनी मोठा केला. बाटली बराच वेळ पाहिली.

"दिस वन वॉटर, आह?"

"येस, वॉटर."

"ओन्ली वॉटर? हाऊ मच?"

"फोर बॉटल्स," शिवदास म्हणाले.

आह सेंगने हात पुसले आणि त्याच्या तुटक इंग्रजीत सावकाश सांगितलं. इथे थंडी नाही, इथे पाणी चालून जातं. तिकडे कूलंट घालतात ते गोठू नये म्हणून. गाडीत एकूण सात लिटर मावतं, त्यात चार लिटर नुसतं पाणी घातलं तर ते उणे चौतीसला आत गोठणार. आधी त्याचा चिखल होणार, मग ते फिरायचं थांबणार. बाहेर बर्फ आणि आत इंजिन उकळणार. हीटरमधून गार वारा येणार. मग इंजिन बंद करावंच लागणार. "देन व्हेरी कोल्ड, अंकल," तो म्हणाला.

शिवदासांनी घड्याळ पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं. ती निघून सव्वा तास होत आला होता, म्हणजे बरोबर अर्ध्या रस्त्यात. त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. उचलला नाही, आणि उचलणारही नव्हती, कारण स्टिअरिंगवर असताना फोन मागच्या सीटवर बॅगेत ठेवायचा, बाबांचा आला तरी घ्यायचा नाही, अशी शपथ तिला कुणी घातली होती? त्यांनीच. त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मेसेज लिहायला घेतला. 'गाडी थांबव' असं लिहिलं आणि पुसलं. थांबवली तर? तिथे त्या माळावर इंजिन बंद करून ती बसणार कुठे? 'मागे फीर' लिहिलं, तेही पुसलं. मागेही तेवढंच अंतर होतं. हर्षाच्या नावावर बोट नेलं आणि काढून घेतलं. तिला काय सांगायचं? की मी आपल्या पोरीच्या गाडीत माझ्या हाताने पाणी भरून आलो, आणि रोज सकाळी तिलाच विचारत होतो, कूलंट ठीक आहे ना?

आह सेंगने स्टूल सरकवलं, समोर कोपी, म्हणजे तिथली कॉफी, आणून ठेवली. शिवदास बसले नाहीत. वर्कशॉपच्या दारात उन्हात जाऊन उभे राहिले. एकतीस अंश. शर्ट पाठीला चिकटला होता आणि हात मात्र गार पडले होते. ज्या वस्तूंची यादी ते रोज सकाळी म्हणायचे, त्या आता एकेक करून डोळ्यांसमोर यायला लागल्या. ब्लँकेट एकच होतं. मेणबत्तीही एकच. मेणबत्ती किती वेळ जळते, हे त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. जाड हातमोजे घालून काडी ओढता येते का? हातमोजे काढले तर बोटं किती वेळ टिकतात? अंधारात बंद गाडीत बसलेली जान्हवी त्यांना दिसत होती, आणि काचेवर तिच्याच श्वासाचा बर्फ धरत होता. त्यांनी डोळे उघडे ठेवून बघितलं, मिटून बघितलं, काही फरक पडला नाही.

साडेदहा वाजले. फोन आला नाही. पावणेअकरा. आह सेंग एकदा येऊन बाजूला उभा राहिला आणि परत कामाला गेला. कॅनडाच्या पोलिसांचा नंबर शोधायचा तर नेमकं कुठे आहे म्हणून सांगायचं? अकरा वाजता त्यांनी चौदाव्यांदा फोन लावला आणि रिंग संपेपर्यंत कानाला धरून ठेवला.

अकरा वीसला फोन वाजला.

"बाबा? पोचले मी. काय झालं? चौदा मिस्ड कॉल! आई बरी आहे ना? रस्त्यावर बर्फ उडत होता म्हणून हळू आले."

 शिवदासांच्या तोंडून सगळं एकदम बाहेर पडलं, उलटसुलट. पाणी, चार बाटल्या, आह सेंग, मी केलं, माझ्या हाताने केलं, परत त्या गाडीत बसू नकोस, उद्या टो करून ने.



"बाबा, ते पाणी नोव्हेंबरमध्येच काढलं. गॅरेजमध्ये सगळं नवीन भरून दिलंय. आता खरंच परफेक्ट आहे."

शिवदास आत येऊन त्या स्टुलावर बसले. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. सुटलो, असं ते मोठ्याने म्हणालेही असावेत. मग इतक्या वर्षांची खोड आड आली.

"पण गॅरेजवाल्यांना कळलं कसं? तू दाखवायला नेली होतीस?"

"हो... म्हणजे, त्यांनी नेली."

"कुठून?"

"बाबा, जाऊ द्या ना."

"जान्हवी, कुठून नेली?"

"ह्याच रस्त्यावरून," ती म्हणाली. "ब्रँडनहून परत येताना. हीटरमधून गार हवा यायला लागली, मग वाफ निघाली, मग बंदच पडली. एक ट्रकवाले अंकल थांबले म्हणून. त्यांच्या केबिनमध्ये बसवलं मला."

"किती वेळाने थांबले?"

"तासभर असेल. थोडा जास्त."

"बाहेर किती होतं?"

"उणे बावीस. आजच्याएवढं नव्हतं, बाबा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हा सांगणारच होते. पण तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, कूलंट? आणि माझ्या तोंडून परफेक्ट निघून गेलं. तुम्ही इतके खूश झालात, मग नाही सांगवलं. बोटं आता बरी आहेत. खरंच."

बोटांबद्दल शिवदासांनी काही विचारलंच नव्हतं. आता विचारायला हवं होतं, पण धीर झाला नाही. विचारलं असतं तर ती काय सांगणार, ते त्यांना ठाऊक होतं. गेले दोन महिने रोज सकाळी तेच ऐकून ते निर्धास्त कामावर जात होते. "जेवून घे," एवढंच ते म्हणाले.

फोन ठेवतात न ठेवतात तोच हर्षाचा आला. लॅबमधून, जेवायच्या सुट्टीच्या आधीच.

"जान्हवी पोचली का हो? सकाळपासून उगाच जीव खालीवर होतोय माझा. गाडी वगैरे ठीक आहे ना तिची?"

"पोचली," शिवदास म्हणाले. "परफेक्ट. सगळं ठीक आहे."