काकांनी तोडलेला पांढरा चाफा

मित्रांनो, आजचीच गोष्ट.

दुपारी सोनपेठच्या बाजारातून आलो, तर माझ्या अंगणातल्या चाफ्याच्या सगळ्या फांद्या खाली पडलेल्या. शेजारचे दत्ताकाका कुऱ्हाड पुसत उभे.

"चिकाचं झाड आमच्या दारासमोर बरं न्हाई, बाबू. तुला लय सांगितलं, आयकंना, म्हनून तोडलं."

"काका, रोज देवाला याचीच फुलं नेत होतात ना?"

"देवाचं येगळं, दाराचं येगळं!"

मी एकेक फांदी उचलून सावलीत ठेवली. चीक वाळला की चाफ्याची फांदी मातीत रुजते, हे काकांना माहीत नाही. आता त्या सगळ्या त्यांच्या दारासमोरच ओळीने लावणार. भांडायला जागा नको म्हणून माझ्या हद्दीत हातभर आत.

फूल मात्र एकही देणार नाही. तुम्ही दिलं असतं का?