अंजलीने कमी केलेला आकडा

अंजलीच्या नवऱ्याचा, मिलिंदचा फोन आला तेव्हा हॅम्बर्गच्या घरात मी बॅग भरत होते. "वंदनाताई, अंजली गेली," एवढंच तो म्हणाला... तिला भेटायला म्हणून काढलेल्या तिकिटावरच मी हॅनोव्हरला गेले.

पुण्यात आम्ही दोघी एकाच वर्गात अर्थशास्त्र शिकलो. जर्मनीत आल्यावर ती आरोग्यावरच्या खर्चाच्या अभ्यासाकडे वळली. अलीकडे तिच्या संस्थेकडे एक काम आलं होतं. डॉक्टरांची चूक सिद्ध करणं रुग्णाला सोपं करणारा कायदा आला, तर क्रांकनकासांवर, म्हणजे आरोग्य विम्याच्या निधीवर, किती भार पडेल याचा अंदाज करायचा होता. "भरपाई किती जाईल ते सगळेच मोजतात गं," ती म्हणायची, "पण चुकीनंतरचं दुसरं ऑपरेशन, सुटलेली नोकरी, हा खर्च आजही होतोच आहे. तो कुणीच धरत नाही."

हे काम चालू असतानाच तिला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. खोकल्यासाठी आधी काढलेला एक्स-रे पुन्हा पाहिला, तर डाग त्यातही होता. तेव्हा तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. तिने रीतसर तक्रार केली आणि दुसऱ्याच दिवशी संस्थेत जाऊन सांगितलं, "आता या विषयात मी तटस्थ नाही. माझं गणित दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या."

तपासणाऱ्या सहकाऱ्याने एक शंका काढली. यातले काही रुग्ण चूक झाली नसती तरी आजारीच राहिले असते. त्यांचा सगळा खर्च चुकीच्या नावावर कसा टाकायचा? अंजलीने ते मान्य केलं आणि आपला आकडा बराच खाली आणला. मी चिडले. "अगं, तुझ्याच बाबतीत घडलंय आणि तूच कमी करतेस?"

"माझ्या बाबतीत घडलंय म्हणूनच. आजारी बाईने रागाच्या भरात मांडलंय म्हणतील, मग उरलेलंही कुणी वाचणार नाही."

राग तिला नव्हता असं नाही. एकदा केमोहून परतताना ट्राममध्ये तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "ईराचं आबिटूर मला बघायचं होतं गं..." ईरा तिची मुलगी, आणि आबिटूर, म्हणजे तिथली बारावीची परीक्षा, तिला अजून द्यायची होती.

अहवाल तिच्या हयातीत गेला, कमी केलेल्या आकड्यासकट. कायद्यावर अजून चर्चाच चालू आहे. तिच्या तक्रारीचा निकालही यायचाय.

गेल्या आठवड्यात मिलिंदला तपासणीसाठी न्यायचं होतं, म्हणून मी पुन्हा गेले. "सगळं ठीक आहे," असं म्हणून डॉक्टर उठले. मिलिंद कोट घालायला लागला. घरात कायम जर्मनमध्येच उत्तर देणारी ईरा मात्र जागची हलली नाही. तिने डॉक्टरांकडे लेखी रिपोर्ट मागितला, मांडीवर ठेवला आणि मराठीत म्हणाली, "बाबा, बसा. आई रिपोर्ट वाचल्याशिवाय कधीच निघायची नाही."

डॉक्टरही परत खुर्चीत बसले.