बोलावणं न गेलेली सावड

आमच्या वडिलांना, आबांना, घरापेक्षा गाव जवळचं होतं असं आई म्हणायची, आणि ती ते काही कौतुकानं म्हणायची नाही. आपल्या भुईमुगात उंदीर शिरले तरी चालतील, पण शेजारच्याची लावण अडता कामा नये, असा त्यांचा कारभार. कुणाची म्हैस अडली, कुणाला सांगलीच्या दवाखान्यात न्यायचं आलं, की आबा ताटावरून उठायचे. माझ्या लग्नात तर कहरच झाला. मला हळद लागत होती आणि आबांचा पत्ता नाही. शोधायला माणूस धाडला तेव्हा कळलं, एका घरचा कर्ता तापानं पडला होता, त्याच्या रानात हळद शिजवायची काहील पेटलेली होती आणि आबा तिथं जाळ घालत बसले होते. पोरीच्या हळदीपेक्षा परक्याची हळद मोठी झाली, म्हणून आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

आमच्याकडं सावड म्हणतात. आज आम्ही तुमच्या रानात, उद्या तुम्ही आमच्या. मजुरी नाही; ज्याचं रान त्यानं सगळ्यांना पोटभर जेवायला घालायचं. आदल्या दिवशी घरोघर सांगून यायची रीत आहे. आबा मात्र सांगण्याची वाट बघायचे नाहीत. कुणाच्या हळदीचा पाला कापलेला दिसला, म्हणजे काढणी आली, की खांद्यावर कुदळ टाकून उजाडायला हजर. त्यामुळं आमच्या हळदीच्या काढणीलाही कधी कुणाला बोलवावं लागलं नाही. बांधावर माणूस मावायचा नाही.

मधल्या काळात गाव बदललं. तरणी पोरं साताऱ्याच्या कारखान्यांत लागली, काही सैन्यात गेली, काढणीला मजुरांच्या टोळ्या आणि ट्रॅक्टर आले. आबांनी हे पाहिलं नाही असं नाही. पण मानलं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला त्यांची उजवी बाजू गेली. मी साताऱ्यात राहते. फौजेतून निवृत्त झालेल्या नवऱ्याला स्वयंपाकघर सोपवलं आणि माहेरी आले. आबांना खुर्चीत बसवलं तर बसता येत होतं, बोलणं जड झालं होतं तरी समजत होतं. वीस गुंठे हळद काढायची होती. पाला आई आणि मी कापला, हलकं पाणी दिलं. माती कुदळीला ऐकेल इतकी मऊ झाल्यावर आबा म्हणाले, गुरुवारी काढू.

मी म्हटलं, घरोघर सांगून येते, नाहीतर मोबाइलवर गावच्या ग्रुपवर टाकते. त्यांनी डावा हात हलवून नको म्हटलं. "सांगून बोलवायला ती काय रोजगारी हायत? पाला कापल्याला दिसतुया समद्यास्नी."

गुरुवारी आई पहाटेच उठली. टोपलंभर भाकरी, वांग्याचं कालवण, खरडा. आबांना नवी टोपी हवी होती, ती घातली. खुर्ची बांधावर बाभळीच्या सावलीत ठेवली. मग आम्ही तिघं वाट बघत बसलो.

ऊन वर आलं. रस्त्यानं माणसं जात होती, येत होती. मोटरसायकल हळू करून कुणी विचारायचं, "आबा, बरं हाय न्हवं?" आबा मान हलवायचे आणि गाडी पुढं जायची. त्या लोकांना वाटत असणार, म्हातारा हवेला बसलाय. मला एकेकाच्या गाडीची किल्ली काढून घ्यावीशी वाटत होती. मी दोनदा उठले आणि दोन्ही वेळा आबांनी नजरेनंच मला खाली बसवलं. त्यांचे डोळे रस्त्याच्या वळणावरून हलत नव्हते.

दुपार कलल्यावर ते म्हणाले, घरी चला. मग भाकरीच्या टोपल्याकडं बघून म्हणाले, ओढ्याकडंला ऊसतोडीवाल्यांची पालं पडलीत, त्यांना देऊन ये, अन्न वाया जाऊ देऊ नको. आणि मला जवळ बोलावून एवढंच, "कुणाला बोलू नगंस. लाजत्याल बिचारी."

त्या दिवसानंतर आबांनी रानाचं नाव काढलं नाही. विहिरीला पाणी किती, वीज आली का, काहीच विचारलं नाही. मी म्हटलं, मजूर लावू. आई म्हणाली, राहू दे, दुसऱ्याचं माणूस रानात दिसलं तर त्यांना जास्तच लागेल. माती परत दगडासारखी झाली. होळीच्या आधी आबा गेले.

गाव लोटलं. दुकानं बंद राहिली. नदीकडं जाणारी वाट आमच्या रानाशेजारूनच जाते. पुढं काय झालं ते खांदा दिलेल्या चुलतभावानं मला सांगितलं. रानापाशी आल्यावर पुढची माणसं आपोआप थबकली. पाला कापून सपाट झालेलं, न खणलेलं रान सगळ्यांनी पाहिलं.  तिथून नदीपर्यंत भजन म्हटलं गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी नदीवरचं आटोपलं आणि माणसं घरी जाऊन लगेच परत फिरली. दारातून मला कुदळी घेतलेली रांग दिसली. बायका पाट्या घेऊन मागं. सुतकातल्या घरात कुणाला जेवायला घालता येत नाही, म्हणून प्रत्येकानं आपापली भाकरी फडक्यात बांधून आणली होती. मी अनवाणी तशीच रानात गेले. कडक ढेकळांवर कुदळी आपटत होत्या, ठिणग्या उडतील अशा.

"आता कशाला आलाय?" मी म्हटलं.

आमचा बांधभाऊ, शेजारच्या रानाचा मालक, पुढं आला. आबांच्याच वयाचा, आयुष्यभर एकमेकांच्या रानात राबलेला. त्याला माझ्याकडं बघता येत नव्हतं. "पोरी, आमास्नी वाटलं आबाच्यात माणसांची काय कमी? बाकीची जात्याल. जो तो तसंच म्हनत ऱ्हायला."

मला त्याचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच वेळी कळलं की तो खरं बोलतोय. यात वाईट कुणीच नव्हतं. आबांकडं माणसांची कमी पडेल ही गोष्टच कुणाच्या डोक्यात येत नव्हती, आणि त्या एका समजुतीपायी ते दिवसभर बांधावर बसून राहिले.

तोवर आई मागून आली होती. म्हातारा तिच्याकडं वळला. "वैनी, आबा कवा काय म्हनला का? गाव आलं न्हाई म्हनून?"

कुदळी थांबल्या. सगळं रान आईकडं बघत होतं.

"न्हाई," आई म्हणाली. "तुमी येनार म्हनत हुतं. शेवटपतोर."

आई खोटं बोलत होती. मी तोंड उघडलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, फक्त पदर खोचून खाली बसली आणि निघालेल्या गड्ड्यांची माती झाडू लागली. कुदळी परत चालू झाल्या. मी तिच्या शेजारी बसले, आणि आबा गेल्यापासून न आलेलं रडू मला तिथं, सगळ्या गावादेखत आलं.