आमच्या अल्बमची दुसरी बाजू

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत आमचा एक रॉक बँड होता, हे मी शपथेवर सांगतो. साक्षीदार मिळणं कठीण. मी गिटार वाजवायचो आणि गायचो, एक मित्र पेटीवर, दुसरा ड्रमवर. आम्ही स्वतःला प्रायोगिक म्हणवायचो. फायदा एवढाच, की चुकलो तरी ऐकणाऱ्याची खात्री नसायची.

आंब्याच्या पेट्या भरायच्या शेडमध्ये तासाभराच्या कॅसेटवर अल्बम सुरू केला. पहिली बाजू झाली आणि ड्रमवाल्याचा दुबईचा व्हिसा आला.

"कॅसेट पुरी करून दे," तो म्हणाला. "मी कोण होतो ते तिकडे कुणाला तरी ऐकवेन."

मी मात्र, तो जायच्या आधीच, नवा माणूस ठरवून मोकळा झालो होतो: पालीच्या भजनी मंडळातले मृदंगवाले काका. ड्रमवाला फुगला. "वाजवू दे की त्यांनाच. मी फक्त टेपचं बटण दाबीन."

दुपारी त्याची एस.टी., म्हणून सकाळीच बसलो. काकांनी मृदंगावर थाप मारून विचारलं, "गजर कुटं धरायचा, बुवा?"

भजनात गाणारा तो बुवा. गजर म्हणजे भजनात लय चढवत नेतात तो भाग, हे मला तेव्हा काडीचं ठाऊक नव्हतं. "आमच्यात सगळा गजरच असतो," मी रुबाबात सांगितलं.

पहिलं गाणं विरहाचं होतं. दुसऱ्या कडव्याला विरह धावत सुटला. गाणं संपलं, काका संपेनात. मी डोळे वटारले, मान हलवली. त्यांना ती दाद वाटली, लय आणखी चढली. नाइलाजानं मी दुसरं गाणं सुरू केलं, मग तिसरं, मग चौथं. पेटीवाला डोळे मिटून घामाघूम.

"अरे, बटण बंद कर!" मी ओरडलो. पण ड्रमवाला बटणाशी नव्हताच. काठ्या घेऊन तो ड्रमवर तुटून पडला होता.

अर्ध्या तासानं कॅसेट खट्‌कन संपली. काका चालूच. शेवटी कपाळाचा घाम पुसायला मी हात वर नेला, आणि मृदंग जागच्या जागी थांबला.

"काय वो बुवा," काका धापा टाकत म्हणाले, "हात कदी वर करनार व्हतात तुमी? गजर बुवाच्या हातानं थांबतो, येवडं पन ठाव नाय?"

पुन्हा करायला वेळ नव्हता. स्टँडवर मी कॅसेटच्या कार्डावर दुसऱ्या बाजूची चार गाणी ओळीनं लिहिली, खाली 'मृदंग' म्हणून काकांचं नाव.

"आणि ड्रम कोण बडवत होता? तुझा बापूस?"

"तू तर बटण दाबणार होतास ना?"

"लिही मुकाट्यानं. दोन्ही बाजूंना लिही."

मी लिहायला घेतलं, तेवढ्यात सोडायला आलेले काका खांद्यावरून डोकावले. "माजं नाव वर असू दे. मी वयानं मोटा."

"वर तर वर," ड्रमवाला म्हणाला, आणि ओल्या शाईवर फुंकर मारत गाडीत चढला.