न तोललेले मज्जारज्जू

हे मी कधी कुणाला सांगितलं नाही — बायकोलासुद्धा नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय, तरी जीभ अडतेच आहे.

बालाघाटच्या एका कॉलेजात मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. नावाआधी डॉक्टर लागलं ते उंदरांमुळे. उंदीर आकाराने वाढतो, तसं त्याच्या मेंदूचं आणि मज्जारज्जूचं वजन किती वाढतं — हा माझा विषय. हसू नका. लहान-मोठे पांढरे उंदीर, मिलिग्रॅम दाखवणारा काटा आणि मी.

मेंदू काढणं मला छान जमायचं. पण मज्जारज्जू? पाठीचा एकेक मणका बारीक कात्रीने फोडत जायचं आणि आतला तो मऊ, पांढरा दोरा अखंड उचलायचा. माझा दर वेळी तुटायचा. पाच तुटले, सहावा तुटला — आणि मग मी काय केलं? उरलेल्या उंदरांची पाठ उघडलीच नाही. मज्जारज्जूचं वजन म्हणून मेंदूच्या वजनाचा ठरावीक हिस्सा धरला, शेवटचा आकडा थोडा इकडेतिकडे केला आणि तक्ता भरून टाकला. उंदीर मात्र सगळे मारले. कशासाठी मारले ते?

हे एवढंच असतं तर — नाही, एवढंच नव्हतं.

काही वर्षांनी उकवा गावची वनिता माझ्या हाताखाली त्याच विषयावर काम करू लागली. वडील मँगनीजच्या खाणीत. त्या घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. तिचे मज्जारज्जू अखंड निघायचे. एक दिवस वही घेऊन आली.

"सर, उंदीर मोठा झाला का मेंदू जास्त वाढत नाही, पण मज्जारज्जू वाढतच जातो. तुमच्या तक्त्यात तसं काहून नाही?"

तिचं बरोबर होतं. मला त्याच क्षणी कळलं. आणि मी घाबरलो — सरळ घाबरलो. म्हणालो, तुझी वजनं चुकलीत, तुला हे काम जमायचं नाही. तीन वेळा पुन्हा करायला लावलं. तिन्ही वेळा तेच आकडे आले, तिन्ही वेळा मी नाकारले. चौथ्यांदा ती आलीच नाही. मला सुटल्यासारखं वाटलं — हेही सांगायलाच हवं.

आता कॉलेजात उंदीर कापणं बंद झालंय. पुन्हा तोलून दाखवू म्हटलं, तरी माझ्या हातात काही उरलेलं नाही.

गेल्या महिन्यात ती बस स्टँडवर भेटली, बैहरच्या बसची वाट पाहत होती. वाकून पाया पडली. सोबत बारावीतली मुलगी. मुलीला पुढे प्राणिशास्त्रच शिकायचंय, आई नको म्हणते.

"सर, तुमीच सांगा हिले. मले नाही जमलं, हिले काय जमन?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. एक वाक्य पुरलं असतं — तुझ्या आईचे आकडे बरोबर होते.

मी म्हणालो, "आई म्हणते ते ऐक."