काल काय खाल्लं होतं?

पहाटे भाच्याचा, प्रशांतचा, फोन आला. "बुआ, बाबा नहीं रहे." दादाचा दवाखान्यातला तो तिसरा दिवस होता. हृदयानं दगा दिला... डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत. आज दीड महिन्यानं लिहायला बसले, तर रडू येण्याऐवजी हसूच येतंय. काय करणार, माणूसच तसा होता!

दादा रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू, राहायला तिकडे हिंदी मुलखात, गुढ़ियारीत. तो निवृत्त झाला त्याच वर्षी आमची आई गेली. पण जायच्या दोन वर्षं आधीच ती आम्हाला विसरली होती. एकदा दादा तिला घास भरवत होता, तर म्हणाली, "भैया, तुमी कोनाचे?" दादा स्वयंपाकघरात येऊन ढसाढसा रडला. मला म्हणाला, "कमल, मले मरायचं भेव नाही. तुले पाहून 'कोन?' म्हणायचं भेव वाटते."

तेव्हापासून साहेबांनी मेंदूची सेवाच मांडली. चाळीस वर्षांचा तंबाखूचा खर्रा सुटला. फरसाण, जिलेबी बंद. ताटात चेच भाजी, लाल भाजी असल्या पालेभाज्या, जवसाची चटणी. सकाळी भिजवलेले अक्रोड. बीपीची गोळी वेळेवर, झोप दहाला. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की यानं विसरणं टळेलच याची हमी कोणीच देऊ शकत नाही. "नुकसान तं नाही ना?" म्हणून हा भिडला. सत्तरीत बासरी शिकायला घेतली, ती शेजाऱ्यांनी कशी सोसली ते त्यांनाच ठाऊक. आणि रोज संध्याकाळी सातला मला फोन. 'कशी आहेस' वगैरे नाहीच, थेट, "काल काय खाल्लं होतं?" मी अडखळले की स्वारी खूश!

खरी गंमत रस्त्यांची. मेंदूला सवय लागू नये म्हणून एकच रस्ता लागोपाठ दोन दिवस धरायचा नाही, हा त्याचा नियम. एकदा सदर बाजारला निघालेला हा पुरानी बस्तीत, एका बंद गल्लीतून परत फिरताना कोणा ओळखीच्याला दिसला. झालं! त्यानं प्रशांतला कळवलं, अंकल भटक गए. प्रशांत स्कूटर घेऊन धावला आणि रडवेला होऊन विचारू लागला, "बाबा, मैं कौन हूँ?"

"गाढव!" दादा ओरडला. "मी मेंदू फिरवून राहिलो, अन् हे पोट्टं मलेच घरी नेऊन राहिलं!"

हसून हसून माझं पोट दुखलं. पण त्या रात्री दादा जेवला नाही. मनात ते भेव होतंच.

शेवटच्या संध्याकाळी दवाखान्यात त्याचे डोळे मिटलेले होते. मी घाबरत घाबरत विचारलं, "दादा, ओळखलं का मले?" मग त्यानं तोंडावरचा मास्क सरकवला. "सोमवारची चेच भाजी... मीठ जास्त झालतं, कमल."

सोमवारचा डबा माझाच होता. इतकी वर्षं स्वयंपाक करतेय, पण भाजीला नाव ठेवल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. तिथंच, प्रशांतसमोर, त्याच्याशी भांडले मी!

तो गेल्यावर सात वाजले की मी उगाच फोनजवळ घुटमळायचे. परवा तो वाजला. प्रशांत होता. मराठी कळते त्याला, पण जन्मात कधी बोलला नाही.

"आत्या... काल काय खाल्लं होतं?"

"चेच भाजी," मी म्हणाले.

"अन् मीठ?"

"जास्त झालतं रे."